अंदमानात पिठलं-भात : कोल्हापूरच्या एका सहल कंपनीविषयी

गेल्या फेब्रुवारीत राजारामपुरीतील एका सहल कंपनीबरोबर आम्ही उभयता अंदमानला जाऊन आलो. सहा रात्री व सात दिवस, पुण्यापर्यंत बस आणि पुढे चेन्नईमार्गे विमान, असा बेत होता आणि त्यासाठी माणशी ५८ हजार रुपये मोजले. परतल्यापासून शेजारीपाजारी विचारतात की, याच कंपनीबरोबर जावे का. माणसे सांभाळण्याचे काम ही कंपनी उत्तम करते. जिथे नेते तो मुलूख दाखवणे हे मात्र तिला आपले काम वाटतच नाही.

आमच्या गटातील निम्मे लोक साठीच्या पुढचे होते. त्यांना तळमजल्यावरच्या खोल्या मिळाल्या, बोटीची तिकिटे आधीच काढलेली होती आणि धक्क्यावर कोणालाही स्वतःची बॅग उचलावी लागली नाही. कंपनीचा आचारी बरोबर असल्याने सकाळी उप्पीट, रात्री पिठलं-भात आणि एका संध्याकाळी चक्क तांबडा-पांढरा रस्सा झाला. मंडळी खूश होती; मी मात्र चहूकडे समुद्र असताना मासळी एकदाच खाल्ली, तीही धक्क्याजवळच्या खानावळीत पदरचे पैसे मोजून.

वेळापत्रकही कोल्हापूरचेच होते. हा द्वीपसमूह आपल्या पूर्वेला सुमारे साडेअठरा रेखांश दूर असून घड्याळ मात्र सगळ्या देशाचे एकच, त्यामुळे तिथे सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास आधी उगवतो आणि फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास मावळतो. आम्ही नऊला नाश्ता करून निघायचो. स्वराजद्वीपच्या, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकच्या, राधानगर किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा उजेड तासाभराचाच उरला होता.

सहलीचे पैसे वसूल झाले ते सेल्युलर जेलमध्ये, आणि त्याचे श्रेय कंपनीने नेमलेल्या स्थानिक वाटाड्याला आहे. स्वतःला ‘लोकल बॉर्न’ म्हणवणारा, म्हणजे काळ्या पाण्यावर आलेल्या कैद्यांच्या वंशातला, हा मध्यमवयीन गृहस्थ अस्खलित हिंदी बोलत होता. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाला मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती होत्या. एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडे दुसरीच्या पाठीकडे असल्याने समोरचा कैदी कोणाला दिसतच नसे, हे त्याने आम्हाला कोठडीत उभे करून दाखवले. आता तीनच इमारती उरल्या आहेत. साहजिकच आमच्या गटाची सगळी घाई सावरकरांच्या कोठडीकडे जाण्याची होती. तिथे त्याने सगळ्यांना शांतपणे उभे राहू दिले, कोलूला जुंपलेल्या कैद्याला दिवसाला ३० पौंड तेल गाळावे लागे हे सांगितले आणि मग १९३३ च्या उपोषणात प्राण गेलेल्या महावीर सिंग, मोहित मोइत्रा व मोहन किशोर नामदास यांची नावे घेतली. आमच्यापैकी बहुतेकांनी ती प्रथमच ऐकली.

रॉस बेटाला, आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपाला, जेमतेम ४० मिनिटे मिळाली. वडाच्या मुळांनी कवळलेल्या, इंग्रजांच्या जुन्या ठाण्याच्या भिंती चालता चालताच पाहिल्या. ठरलेल्या मोत्यांच्या दुकानात मात्र दोन तास होते.

माझी खरी तक्रार बाराटांगच्या दिवसाबद्दल आहे. कंपनीच्या पत्रकात त्या दिवसापुढे ‘जारवा आदिवासी दर्शन’ असे छापले आहे. बाराटांग बेटाची वाट जारवांच्या राखीव जंगलातून जाते. जिरकाटांगच्या चौकीपासून वाहने तांड्याने सोडतात; वाटेत थांबणे, फोटो काढणे, खायला देणे हा गुन्हा आहे. त्याला कारण आहे. जारवा लोक १९९७-९८ च्या सुमारास जंगलाबाहेर येऊ लागले आणि १९९९ मध्येच त्यांच्यात गोवराची साथ पसरली. त्याआधी ग्रेट अंदमानी या इथल्याच दुसऱ्या आदिवासी लोकांची काय गत झाली हे तर उघडच आहे : इंग्रजांनी १८५८ मध्ये वसाहत केली तेव्हा ते काही हजार होते, आज पन्नास-साठ उरले आहेत, आणि त्यांच्यातील ‘बो’ भाषा बोलणारी शेवटची स्त्री २०१० मध्ये वारली. हे सारे सांगण्याऐवजी आमच्या व्यवस्थापकाने कोणत्या बाजूच्या खिडकीतून ‘ते’ दिसण्याची शक्यता जास्त, एवढेच सांगितले. बसमध्ये जागांची अदलाबदल झाली. कोणी दिसले नाही, तेव्हा मागच्या बाकावरून पैसे फुकट गेल्याची कुरकुर आली आणि मला शरमल्यासारखे झाले. पुढची खारफुटीतली होडी आणि चुनखडीच्या गुहा अप्रतिम होत्या. पण नाराजांचे लक्ष परतीच्या वाटेवरच होते.

गुडघे कुरकुरत असतील, आईवडिलांना न्यायचे असेल, तर या कंपनीबरोबर बेलाशक जावे. मात्र रॉस बेटासाठी अर्धा दिवस आणि तोच वाटाड्या हवा, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे. पत्रकातील ते दोन-तीन शब्द काढा, असे मी कार्यालयात जाऊन सांगितले. काउंटरवरच्या बाईंनी ते अदबीने वहीत लिहून घेतले आणि जाताना पुढच्या हंगामाचे नवे पत्रक हातात दिले. घरी येऊन पाहिले, तर पाचव्या दिवसापुढे ते तसेच छापलेले होते.