रंधा, प्लेनर की वखार? पावसाळ्यात दार घासायला लागलं की काय घ्यायचं

जुलै निम्मा झाला की आमच्या बिल्डिंगमधली निम्मी दारं खांदा लावल्याशिवाय लागत नाहीत. ठाण्यात घोडबंदरला राहतो, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचा डोंगर, हवा अशी की मिठाची बरणी उघडी राहिली तर संध्याकाळी पाणी. बाथरूमचं दार एकदा इतकं फुगलं की धाकटा आत वीस मिनिटं अडकला होता. मग दरवर्षी कोणीतरी विचारतंच, तुझ्याकडे ते लाकूड तासायचं मशीन आहे ना, मी पण घेऊन टाकू का? माझ्याकडे मशीन आहे, हातरंधा आहे, आणि काही कामांना मी दोन्ही कपाटात ठेवून फळ्या टेम्पोत टाकून लाकडाच्या वखारीत जातो, त्यामुळे तिन्हीचं एकदाच सांगतो.

पण त्याआधी बिजागरीचे स्क्रू बघा. खरंच. फुगलंय फुगलंय म्हणून ओरड होते त्यातली कितीतरी दारं फुगलेली नसतात, वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन पुढच्या बाजूने खाली लोंबलेली असतात. दार अर्धं उघडून हँडलला धरून वर उचला, हललं तर स्क्रूच. लांब स्क्रू मारा, भोक मोठं झालं असेल तर काडेपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठोका. पन्नास रुपयात काम होतं. ते करूनही घासत असेल तर चौकटीला आतून खडू घासा, दार लावा-उघडा, दाराच्या कडेवर खडू जिथे लागला तेवढीच जागा काढायची आहे. पूर्ण कड नाही.

आता मशीन. इलेक्ट्रिक रंधा, ज्याला दुकानात सगळे प्लेनर म्हणतात, त्याच्या पोटात एक ड्रम असतो आणि ड्रमला दोन पाती. घरगुती आणि मिस्त्री लोकांच्या बहुतेक मशीनची रुंदी ८२ मिमी, म्हणजे सव्वातीन इंचाला जरा कमी, वजन अडीच ते तीन किलो, मोटर ५०० ते ८५० वॉट, आणि ड्रम मिनिटाला सोळा-सतरा हजार फेरे मारतो. १६,५०० धरले तर दोन पात्यांचे मिळून सेकंदाला साडेपाचशे घाव. हा आकडा मी मुद्दाम सांगतो कारण हातरंध्यात काय होतं तर तुमचा हात थांबला की पातं थांबलं. बोट आडवं आलं तर कापेल, टाके पडतील कदाचित, पण बोट जाणार नाही. मशीनमध्ये तो हिशोबच वेगळा आहे.

आणि बटण सोडलं तरी ड्रम लगेच थांबत नाही, काही सेकंद फिरत राहतो. हे मला माहीत होतं. तरी पहिल्याच वर्षी, हॉलमध्ये, बटण सोडून मशीन सरळ फरशीवर टेकवलं. मशीन माझ्या हातातून पळालं, टाइलवर बोटभर लांब पांढरा ओरखडा, पात्याच्या धारेला दोन खाचे, आणि बायको स्वयंपाकघरातून काय फुटलं म्हणून बाहेर. ओरखडा अजून आहे, त्यावर पायपुसणं असतं. काही मशीनला मागच्या तळाला एक छोटा पाय असतो, खाली ठेवलं की मागची बाजू उचलून धरतो. तो असलेलंच मशीन घ्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका, कान लावून आवाज पूर्ण बंद झाला की मगच खाली.

माझ्या मते प्लेनर घ्यायचा की नाही हे वॉटवर ठरत नाही, ब्रँडवर पण नाही. लाकूड कोण धरणार यावर ठरतं. दोन्ही हात मशीनवर पाहिजेत, एक मागच्या मुठीला आणि एक पुढच्या गोल मुठीला. मग सात फुटाचं, तीस-पस्तीस किलोचं दार उभ्या कडेवर उभं कोण करणार? आमच्या इथे लोक काय करतात तर मुलाला सांगतात धर रे घट्ट. मुलगा दोन्ही बाजूंनी बोटं गुंडाळून कड धरतो, म्हणजे मशीन जिथून जाणार तिथेच. साइटवर काही मिस्त्री फळी पायाच्या अंगठ्याखाली दाबून मशीन मारतात, त्यांचा हात बसलेला असतो हे खरं, पण बसलेल्या हाताची पण बोटं गेलेली मी बघितलीत.

मी दोन ठोकळे बनवलेत, टाकाऊ सागाचे, प्रत्येकी फूटभर लांब, मधोमध दाराच्या जाडीपेक्षा अर्धा इंच जास्त रुंद खाच. दार त्या दोन खाचांत उभं करायचं आणि एका बाजूने पाचर ठोकायची, खाली जुनी चादर, म्हणजे फरशी पण वाचते. दार भिंतीसारखं उभं राहतं. हे बनवायला एक रविवार गेला, पण हे नसेल तर मशीनला हात लावू नका असं मी सांगेन. फळी असेल तर दोन सी-क्लॅम्पने टेबलाला आवळून टाकायची. हातरंध्याला पण पकड लागतेच, फक्त तिथे कच्ची पकड असली तर काम खराब होतं, मशीनमध्ये लाकूड उडतं किंवा मशीन मागे अंगावर येतं.

बाकीच्या सवयी भराभर सांगतो. मशीन लाकडाला टेकवून चालू करायचं नाही, आधी हवेत चालू, पूर्ण स्पीड, मग पुढचा तळ लाकडावर. वायर उजव्या खांद्यावरून मागे टाकायची, पुढे लोंबकळत ठेवली तर एक दिवस तीच रंधली जाईल. लॉक बटण, म्हणजे बोट काढलं तरी मशीन चालू राहतं ते, नवीन माणसाने वापरूच नये. हातमोजे घालू नका, लोकांना उलटं वाटतं, पण मोज्याचं टोक फिरत्या पात्यात गेलं तर मोजा एकटा जात नाही. ओढणी, सैल बाही, मनगटावरचा गंडा, सगळं बाजूला. चष्मा पाहिजेच. आणि भुसा बाहेर पडायचं तोंड तुंबलं, ते ओल्या लाकडात दर दोन मिनिटांनी तुंबतं, तर तिथे बोट घालायचं नाही, प्लग काढायचा, बटण बंद नाही, प्लग, आणि मग काडीने साफ. पाती बदलताना पण तेच. पाती दोन्ही एकाच उंचीवर बसली पाहिजेत आणि स्क्रू कच्चे राहता कामा नयेत, ते पहिल्यांदा दुकानदारासमोरच करून बघा.

कामाच्या सफाईत कोण पुढे? लांब कड असेल, सलग सात फूट, तर मशीन, वादच नाही. हातरंध्याने अर्धा तास आणि दंड भरून येतात, मशीनने चार फेऱ्या. पण मशीनचा एक दोष आहे, सुरुवातीला आणि शेवटी खड्डा पाडतं. सुरुवातीला जोर पुढच्या मुठीवर आणि शेवट येताना मागच्या मुठीवर दिला तर होत नाही, पण हे हाताला कळायला दोन-तीन फळ्या वाया जातात. स्वतःच्या मुख्य दारावर शिकू नका. खोली शून्यापासून दोन-अडीच मिमीपर्यंत ठेवता येते, पण दाराला एका फेरीत अर्ध्या मिमीच्या वर जायचं कारण नाही. मिस्त्रीच्या भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिमीला थोडं कमी, आणि फुगलेल्या दाराचं काम बहुतेक वेळा अर्ध्या सुतात होतं. हे महत्त्वाचं अशासाठी की लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही, आणि डिसेंबरात परत बसतं. पावसाळ्यात जोशात दोन सूत काढलं तर थंडीत फटीतून शेजाऱ्यांचा टीव्ही दिसतो. मशीनने जास्त काढणं फार सोपं आहे. रंध्याने जास्त काढायला कष्ट पडतात, माझ्या लेखी हा रंध्याचा गुणच.

दाराच्या खालच्या आणि वरच्या कडेला उभ्या पट्ट्यांची टोकं येतात, तिथे पातं लाकडाच्या नसेला आडवं जातं. एका दमात आरपार गेलात की शेवटच्या कोपऱ्याची ढलपी उडाली म्हणून समजा. दोन्ही टोकांकडून मध्यापर्यंत यायचं. इथे मी मशीन वापरतच नाही, सहा इंची छोटा रंधा घेतो.

दार कशाचं आहे ते पण बघा. आजकालच्या टॉवरमध्ये सगळी फ्लश डोअर, म्हणजे सपाट दारं, कडेला लाकडाची लिपिंग पट्टी आणि दोन्ही बाजूला लॅमिनेट. लिपिंग किती जाड आहे ते माहीत नसताना काढत गेलात तर आतला माल उघडा पडतो आणि मग ते दार पाणी पितं. लॅमिनेट आणि प्लायच्या गोंदाने साधं पातं लवकर बोथट होतं, मशीनला कार्बाइडची उलटसुलट वापरायची पाती मिळतात ती इथे चालतात. जुन्या नौपाड्यातल्या नाहीतर गावच्या घराच्या उतरवलेल्या सागवानात खिळ्यांची टोकं लपलेली असतात, आधी लोहचुंबक फिरवा. रंधा खिळ्याला अडला तर धार जाते, परत दगडावर घासायची. मशीन अडलं तर पात्याचा तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही.

आणि जुना ऑइलपेंट. रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको हा नियम आपल्याकडे २०१६ चा, लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधी रंगवलेल्या दाराला मी मशीन लावत नाही, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही, कारण मशीन त्या रंगाची धूळ करून पंख्यासारखी उडवतं. रंध्याने निदान गुंडाळलेल्या सालीसारखं निघतं आणि बरंचसं खाली पडतं. खाली प्लॅस्टिक, तोंडाला एन ९५, नंतर ओल्या फडक्याने पुसायचं, झाडू नाही. नुसता लाकडाचा भुसा पण निरुपद्रवी नाही, डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने १९९५ मध्येच तो कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत टाकलाय. वर्षाला एका दाराने काही होत नाही म्हणा, ते रोज भुशात काम करणाऱ्यांचं दुखणं आहे, पण मास्क काही महाग नसतो.

आवाज. रहिवासी भागाला दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि मशीन कानाजवळ नव्वदच्या आसपास जातं. आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद, तरी मी एकदा पावणेचारला सुरू केलं तर वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून वाकून, "अरे, कारखाना काढलास का घरात? काका आत्ता डोळा लावून पडलेत." तेव्हापासून चारनंतर, आणि आधी वर जाऊन सांगून येतो. हातरंधा रात्री नऊला मारा, कोणाला कळत नाही.

पैसे: लोकल मेकचं मशीन तीन-चार हजारांपासून, नाव असलेल्या कंपनीचं सहा-सात हजारांच्या पुढे. रंधा त्याच्या पाव किमतीत चांगला येतो, पण धार लावायचा दगड घ्यावा लागतो आणि धार लावायला शिकावं लागतं, बोथट रंध्याने काम करण्यापेक्षा दार फुगलेलं बरं. मिस्त्री एका दाराचे पाचशे-सातशे घेतो, गणपतीच्या तोंडावर त्याहून जास्त आणि येतो म्हणून येत नाही.

वखारीचं थोडक्यात. शेल्फसाठी, पाटासाठी सहा-आठ फळ्या एकाच जाडीच्या पाहिजेत तर घरात मशीन घेऊन बसू नका. हातातलं प्लेनर पृष्ठभाग गुळगुळीत करतं, जाडी सारखी करत नाही. वखारीतलं मोठं मशीन दोन्ही करतं, फुटावर पैसे घेतात, फळ्या सारख्या होऊन येतात आणि भुसा त्यांच्याकडे राहतो. खिळे आणि रंग असलेलं लाकूड ते घेत नाहीत, बरोबरच आहे. आणि फुगलेलं दार कोणी टेम्पोत टाकून वखारीत नेत नाही.

माझा मावसभाऊ कोपरखैरण्याला सिडकोच्या जुन्या रो-हाउसमध्ये राहतो, मागे पत्र्याची शेड, पक्कं टेबल, वर कोणी राहत नाही, दर दोन महिन्यांनी काहीतरी लाकडी बनवतो. त्याला मी सांगितलं घे मशीन, डोळे झाकून. समोरच्या फ्लॅटमधल्या जोडप्याने विचारलं तेव्हा त्यांची दारं मोजली, तीन, घासतात दोन, घरात टेबल एकच आणि ते काचेचं. त्यांना म्हटलं छोटा रंधा घ्या, आणि ठोकळे माझ्याकडून घेऊन जा.

गेले घेऊन. एकच राहिलं सांगायचं, ते त्यांना पण मी दारातून ओरडून सांगितलं, की रंधून झालेली कड कोरडी पडली की त्याच आठवड्यात तिला प्रायमर किंवा पॉलिशचे दोन हात द्या, खालची कड पण, दार बिजागरीवरून उतरलेलं आहे तोवरच. मिस्त्री ती कड कधीच रंगवत नाहीत कारण ती कोणाला दिसत नाही, आणि बाथरूमचं दार पाणी तिथूनच पितं.