मार्चअखेरची लिपिड प्रोफाइल: घरपोच रक्ततपासणीचा अनुभव
मी हिशेबतपासनीस असल्यामुळे मार्चअखेरीस झोप आणि जेवण दोन्ही बिघडते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मी पुण्यातील एका प्रयोगशाळेकडून घरपोच लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातील चरबीची तपासणी, करून घेतली. रक्त घ्यायला आलेल्या ताईंनी बारा तासांच्या उपवासाची खात्री करून घेतली आणि मला पाच मिनिटे शांत बसवूनच दंडाला पट्टा बांधला. हे काम खरोखर उत्तम झाले. अहवालात एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १६८ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) २४० असे वाढलेले आले, मात्र सोबतच्या छापील सल्ल्यात तूप आणि तळण यांपलीकडे, ताणाबद्दल एक शब्दही नव्हता, ही उणीव मला गंभीर वाटते. ताणामुळे ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढली की चरबीच्या पेशींतून मेदाम्ले रक्तात उतरतात आणि यकृत त्यांपासून ट्रायग्लिसराइड तयार करते. फ्रीडमन आणि रोझेनमन या अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांनी तर १९५८ सालीच अमेरिकेतील हिशेबनिसांमध्ये करभरणीच्या मुदतीच्या सुमारास कोलेस्टेरॉल वाढलेले नोंदवले होते! जूनमध्ये याच सेवेकडून पुन्हा तपासणी केली, तेव्हा आहार फारसा न बदलताही एलडीएल १४१ वर आले होते. नमुना घेण्याच्या अर्जात ‘सध्या कामाचा ताण आहे का’ असा एक रकाना घालावा, अशी लेखी विनंती मी त्यांना केली आहे.