वाशीला पितळी 'इंडिकेटर' घेताना मी कसा गंडलो

जुन्या पितळी वस्तूंच्या ऑनलाइन जाहिराती बघून तोंडाला पाणी सुटणाऱ्यांसाठी लिहितोय. माझे साडेअठरा हजार गेलेत.

वस्तू म्हणजे इंजिन इंडिकेटर. वाफेच्या इंजिनच्या सिलिंडरला कॉकवर बसवायचं, आतला छोटा पिस्टन प्रेशरने वर सरकतो, स्प्रिंग त्याला दाबून धरते, त्याला जोडलेला पेन्सिलचा दांडा आणि शेजारी कागद गुंडाळलेला ड्रम, जो दोरीने इंजिनच्या चालीबरोबर मागेपुढे फिरतो. कागदावर बंद आकृती उमटते, तिच्या क्षेत्रफळावरून सिलिंडरमध्ये किती पॉवर तयार होतेय ते निघतं. जेम्स वॉटच्या वेळची आयडिया. बाबा बोटीवर इंजिनिअर होते, ते डिझेलवर असाच इंडिकेटर लावून 'कार्ड' (म्हणजे हीच आकृती) काढायचे, म्हणून त्यांच्या पंच्याहत्तरीला हेच द्यायचं ठरवलं.

विकणारा म्हणाला, आजोबा गोदीत होते, त्यांची पेटी आहे. मी ठाण्याहून लोकल पकडून वाशीला गेलो, संध्याकाळी साडेसात, स्टेशनबाहेर पार्किंगच्या अर्धवट उजेडात त्याने पेटी उघडली. लाल मखमल, हाताला जड, वर कोरलेलं 'इलियट ब्रदर्स, लंडन, १८५०'. मी पाघळलोच. त्याला म्हणे नेरूळला डॉक्टरकडे पोचायचं होतं, त्याच्या घाईत मीच यूपीआय करून मोकळा झालो.

घरी बाबांनी चष्मा लावला, काही न बोलता दोरी ओढली. ड्रम फिरला आणि तिथेच थांबला. खऱ्या ड्रमच्या आत स्प्रिंग असते, दोरी सैल सोडली की तो आपोआप मागे येतो. मग पिस्टनची स्प्रिंग काढायला गेले तर ती निघेचना, चक्क झाळलेली! "हिच्यावर नंबर कुठाय?" खऱ्या पेटीत वेगवेगळ्या प्रेशरसाठी स्प्रिंगा असतात आणि एक इंच उंचीला किती पाउंड ते प्रत्येकीवर लिहिलेलं असतं, नाहीतर आकृती मोजणार कशाच्या जोरावर.

नंतर मी वाचत बसलो (हे आधी करायला हवं होतं, माहितीये). वरची दांड्यांची जोडणी रिचर्ड्स पद्धतीची, आणि ती लोकांसमोर आली १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनात. मग १८५० कुठून आलं? तळाला स्टार स्क्रू, म्हणजे १९३० नंतरचा माल. फ्रिजवरचं मॅग्नेट लावलं तर ड्रमला चिकटलं. दांडे, स्प्रिंगा खऱ्यातही स्टीलच्या असतात हो, पण 'पितळी' ड्रम?

असे पितळी शोपीस मुरादाबाद, रुरकीकडे बनतात, शोपीस म्हणून विकले तर कोणाची हरकत नाही. पण आजोबा कशाला मधे घालायचे?

त्याचा नंबर बंद. पोलिसांनी विचारलं, "वस्तू बघून घेतलीत ना?" तरी मी जाहिरातीचे स्क्रीनशॉट लावून अर्ज दिला, पोच घेतली.

परवा तेच फोटो परत दिसले. मखमलीवर तोच शाईचा डाग, फक्त ठिकाण पनवेल आणि भाव बावीस हजार. यावेळी आजोबा रेल्वेत होते.