फिलिप्पै 3 वरचा ऑडिओ कोर्स : ऐकावा का?

‘मागचं सोडा, पुढे धावा’ असं नाव बघून वाटलं परत तेच गोडगोड मोटिव्हेशन असणार, पण नाही, माल चांगला आहे. सगळा कोर्स बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या 3:12-14 (मागचं विसरून पुढे धावतो, असं तो तिथे म्हणतो) भोवती फिरतो आणि बेस्ट भाग म्हणजे पौलाने नक्की काय मागे टाकलं हे नीट उलगडलंय. आपल्याला वाटतं फक्त पापं, पण त्याच अध्यायात तो आधी स्वतःचा बायोडेटा देतो, इस्राएलातल्या बन्यामीन वंशाचा, परूशी (म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा), नियमशास्त्रात निर्दोष, आणि मग ते सगळं केरकचरा म्हणतो. म्हणजे जुनी मोठेपणाची पदकं पण सोडायची, आणि खरं सांगू का ते जास्त जड जातं.

येशूवरच्या विश्वासापायी मारल्या गेलेल्या स्तेफनला दगडमार करणाऱ्यांनी आपली वस्त्रं शौलाच्या, म्हणजे पौलाच्याच, पायाशी ठेवली होती (प्रेषितांची कृत्ये 7:58), तोच माणूस पुढे कैदेतून हे पत्र लिहितो, हा भाग दोनदा ऐका.

खटकलं ते एवढंच की शेवटी शेवटी सर सरळ ‘विसरून जा’ म्हणत सुटतात. अहो, पौल स्वतः कृत्ये 22 आणि 26 मध्ये आपला भूतकाळ चारचौघांत सांगतो की! आणि ज्यांना आपण दुखावलं त्यांचं काय? बायबलमधल्या जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली, त्यावर एक शब्द नाही.

आवाज स्पष्ट, प्रार्थना जरा लांबतात. पाचपैकी चार स्टार, नवविश्वासूंपेक्षा वर्षानुवर्षं चर्चला जाऊन थकलेल्यांनी आधी घ्या.