खुंट्या आधी की होकार आधी? अणुकचऱ्याच्या जागेसाठी दोन रीती

वाशीच्या खाडीपुलावरून मुंबईकडे जाताना डाव्या हाताला ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिचं मराठी नाव तुर्भेच, आणि खाडीच्या अलीकडचं तुर्भे म्हणजे आमचं डम्पिंग ग्राउंड. एकाच नावाच्या दोन गावांत दोन तऱ्हेचा नकोसा माल. देशातला पहिला अणुइंधन पुनर्प्रक्रिया प्रकल्प (वापरलेल्या इंधनातून कामाचा भाग वेगळा काढणारा) १९६४ मध्ये त्या टेकडीच्या पायथ्याशी सुरू झाला. पुनर्प्रक्रियेनंतर उरणारा सर्वांत जहाल द्रव काचेत गोठवायचा, काही दशकं थंड होऊ द्यायचा आणि शेवटी खोल खडकात ठेवायचा, ही आपली ठरलेली दिशा आहे. २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज हे उद्दिष्ट जाहीर झालंय, म्हणजे ‘तो खडक कुणाच्या गावाखालचा’ हा प्रश्न कधीतरी उभा राहणारच. तेव्हा ग्रामसभेत, समितीत किंवा जनसुनावणीत ज्यांना मत द्यावं लागेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय. खडक, तांब्याची नळकांडी, बेंटोनाइट माती यांची माहिती सगळीकडे मिळते, ती इथे उगाळत नाही.

पहिली रीत अशी की तज्ज्ञांनी जागा निवडायची आणि सरकारने जाहीर करायची. तिचं ठळक उदाहरण अमेरिकेतल्या नेवाडाचा युका पर्वत. १९८२ च्या कायद्यात अनेक ठिकाणं तपासून निवड करायची होती. १९८७ मध्ये अमेरिकी संसदेने बाकीची नावं खोडली आणि एकट्या युकाचाच अभ्यास करा म्हणून सांगितलं. वॉशिंग्टन आणि टेक्सास ही राज्यं सुटली. ज्या राज्यात एकही अणुवीज केंद्र नाही आणि ज्याने १९५१ पासून अणुचाचण्या सोसल्या, त्याच्या माथी हा भार आला.

या रीतीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, ते मी नाकारत नाही. वाळवंट, कमी पाऊस, खोल भूजल, शिवाय निर्णय एका हाती. प्रत्येक गावाला विचारत बसलो तर काम कधी होणार, ही शंका रास्तच आहे. पण युकाचंही काम झालं नाही. साधारण १५ अब्ज डॉलर खर्चून तिथे एकही पिंप पोचलं नाही आणि २०१० च्या सुमारास ओबामा सरकारने हात काढून घेतला. सरकार ३१ जानेवारी १९९८ पासून कचरा ताब्यात घेणार होतं. ते जमलं नाही म्हणून वीज कंपन्यांना आजही भरपाई द्यावी लागते आहे.

दुसऱ्या रीतीत आधी विचारायचं आणि गावाच्या नकाराला कायद्याचं बळ द्यायचं. फिनलंडने १९८७ च्या अणुऊर्जा कायद्यातच नगरपालिकेला नकाराधिकार दिला. चार ठिकाणी सविस्तर तपासणी झाली. जानेवारी २००० मध्ये त्यांतल्या युरायोकी या गावाच्या पालिकेने २० विरुद्ध ७ मतांनी होकार दिला, मग २००१ मध्ये संसदेने १५९ विरुद्ध ३ मतांनी. बांधकामाचा परवाना २०१५ मध्ये मिळाला. स्वीडनमध्ये स्टोरुमन आणि मालो या दोन गावांनी १९९५ आणि १९९७ च्या मतदानात नकार दिला, तर जागा शोधणारी कंपनी तिथून निघून गेली. पुढे फोर्समार्कची जागा ठरली आणि २०२२ मध्ये सरकारची मंजुरीही आली.

खडकाचं काय, असं कुणी विचारेल. सर्वोत्तम जागा शोधायची असेल तर पहिलीच रीत हवी, हे वरवर पटतं. पण फिनलंडमध्ये तपासलेल्या चारही जागा सुरक्षिततेच्या दृष्टीने चालण्यासारख्या होत्या. निवड पुरेशा चांगल्या जागांमधून करायची होती, त्यामुळे माणसांच्या मताला जागा उरली.

आता माझ्यासाठी ज्या गोष्टीने पारडं झुकलं, ती.

मी प्रकल्पग्रस्त घरातला. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले, त्यानंतर गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचा हक्क आला. ‘साडेबारा टक्के’ हा शब्द मी शाळेत टक्केवारी शिकण्याआधी घरात ऐकला. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे खाडीकाठच्या एका कामाची जनसुनावणी झाली. आम्ही दोन तास बोललो. एक म्हातारे कोळीबाबा मासळीच्या वाटा सांगत होते, अधिकारी लिहूनही घेत होते. परतताना पोरांनी दाखवलं, आखणीच्या खुंट्या आधीच ठोकलेल्या होत्या. लाल रंगही वाळला होता. काम वाईट होतं असं आजही म्हणणार नाही. पण कोळीबाबा तिथे उभे राहून म्हणाले, “मंग आमाला बोलावलं कशाला?” ते माझ्या मनातून जात नाही.

युकाची हकिगत वाचताना मला त्या खुंट्याच दिसतात. नेवाडाच्या गव्हर्नरला नकार देण्याचा अधिकार कायद्याने दिला होता. २००२ मध्ये त्यांनी तो वापरला आणि काही महिन्यांत संसदेने साध्या बहुमताने तो पुसून टाकला. आपल्याकडे २०१२ मध्ये तमिळनाडूतल्या कुडनकुळम अणुवीज केंद्राच्या खटल्याच्या निमित्ताने अणुकचऱ्यासाठी कर्नाटकातल्या कोलारच्या बंद सोनखाणीचं नाव पुढे आलं. कोलारकरांना ते बातम्यांतून कळलं आणि लोक रस्त्यावर उतरले. तसा बेत नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. त्या खाणीत खरोखर काही करता आलं असतं का, यावर शांतपणे बोलण्याची संधीही मग उरली नाही.

गेल्या वर्षी आमच्या वसाहतीत जुन्या बॅटऱ्या, ट्यूबलाइट आणि ई-कचरा ठेवायला एक खोली हवी होती. अणुकचऱ्यापुढे ही फारच लहान गोष्ट, पण भीती त्याच जातीची. मी सोसायट्यांना पत्रं दिली, कोणत्याही टप्प्यावर माघार घेता येईल असं लिहून. तीन तयार झाल्या. त्यातल्या एकीने महिन्याभराने नकार कळवला आणि आम्ही कारण न विचारता तो मान्य केला. गंमत म्हणजे त्यानंतरच उरलेल्या दोघींच्या बैठकांना गर्दी वाढली आणि प्रश्न नेमके येऊ लागले.

दुसऱ्या रीतीत खोट नाही असं नाही. युरायोकीत अणुभट्ट्या आधीपासून होत्या, गावाचं पोट त्यांवर होतं. असा होकार किती मोकळा म्हणायचा? होकार नेमका कुणाचा, हा प्रश्न त्याहून अवघड. जपानच्या तोयो गावात २००७ मध्ये महापौरांनी परस्पर अर्ज केला आणि ते निवडणूक हरले. ब्रिटनमध्ये २०१३ साली दोन स्थानिक परिषदा राजी होत्या, पण वरच्या कंब्रिया परगण्याने नाही म्हटलं आणि शोध तिथे थांबला. आपल्याकडे तर सरपंचाची सही म्हणजे गावाचा होकार, असं धरलं जाण्याचा धोका मोठा आहे. गरीब गावाला निधी दाखवून होकार मिळवणं हेही खुंट्या ठोकण्यासारखंच.

तरीही तुम्हाला निवडायचं असेल तर मी दुसऱ्या रीतीकडेच बोट दाखवीन. फक्त ठरावात दोन गोष्टी लिहून मागा: शेजारच्या गावांचं मत कसं घेणार आणि नकार देण्याची शेवटची तारीख कोणती. ई-कचऱ्याची खोली आता आमच्या शेजारच्या सोसायटीत आहे, आणि त्यांच्याशी केलेल्या करारात ती तारीख पहिल्याच ओळीत लिहिलेली आहे.