नेरुळचे कोरलचे दुकान : बंद बॉक्स घ्यावा की दहा दिवस थांबावे?

गेल्या चौदा महिन्यांत मी या दुकानातून आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी चार वेळा कोरल (जिवंत प्रवाळ) मागवले. त्यांतील दोन वेळा ‘बंद बॉक्स’ घेतला आणि दोन वेळा ‘थांबवलेला माल’. बंद बॉक्स म्हणजे परदेशातून विमानाने आलेली पाकिटे दुकानात न फोडता त्याच दिवशी तुमच्या घरी पोहोचतात. थांबवलेला माल म्हणजे दुकानदार ते कोरल स्वतःच्या टाक्यांत किमान दहा दिवस ठेवतो आणि पॉलिप (कोरलचे फुलासारखे उघडणारे लहान जीव) नीट उघडू लागल्यावरच विकायला काढतो. झोआ या कोरलच्या एका फ्रॅगला (वाढवण्यासाठी कापलेल्या तुकड्याला) मी पहिल्या प्रकारात ९०० रुपये मोजले आणि दुसऱ्या प्रकारात १,३००. हा चारशे रुपयांचा फरक देण्यासारखा आहे का, हे सांगण्यासाठी मी हा अभिप्राय लिहीत आहे. दुकान स्वच्छ आहे, मालक बोलायला चांगले आहेत, वगैरे इतरांनी लिहिलेच आहे आणि ते खरे आहे.

आमची टाकी ठाण्यात, कोलशेत रस्त्यालगतच्या घरात आहे. दोनशे लिटर पाणी, तीन वर्षे जुनी, तापमान २५ ते २६ अंश, क्षारता (खारेपणा, विशिष्ट गुरुत्वात) १.०२५. तिच्यात फक्त सॉफ्ट कोरल (दगडी सांगाडा नसलेले मऊ प्रवाळ) आहेत आणि पुढेही तेच राहतील, कारण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कडक संरक्षणाच्या यादीत, २००१ पासून दगडी सांगाडा बांधणारे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे आलेले आहेत. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या वसाहती हलवायच्या होत्या, तर महापालिकेलासुद्धा आधी परवानगी घ्यावी लागली होती. या दुकानात ‘हार्ड कोरल मिळणार नाहीत, विचारू नये’ अशी पाटी गल्ल्यामागेच लावलेली आहे. लेदर, मश्रूम, झोआ आणि झीनिया एवढेच सॉफ्ट कोरल तिथे असतात. माझ्या लेखी ही दुकानाची पहिली जमेची बाजू आहे.

पहिला बंद बॉक्स फेब्रुवारीत आला. दुकानाचा मुलगा तो दुचाकीवरून ऐरोलीमार्गे घेऊन आला आणि विटाव्याला अडकल्यामुळे चाळीस मिनिटे उशीर झाल्याचे त्याने स्वतःहून सांगितले. थर्माकोलच्या पेटीत दुहेरी पिशव्या होत्या. झोआच्या पिशवीत फ्रॅग थर्माकोलच्या चकतीला रबरबँडने उलटा बांधला होता, म्हणजे चकती वर तरंगते, कोरल खाली लोंबते आणि पॉलिप प्लास्टिकला घासत नाहीत. इतक्या लहान गोष्टीत पाठवणाऱ्याची समज दिसते. सोबत रबरी हातमोज्यांचा एक जोड होता आणि त्यावर ‘झोआ धरताना घालावेत’ अशी चिठ्ठी टाचली होती. झोआंच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. हाताला चीर असेल किंवा डोळ्यात तुषार उडाला तर दवाखाना गाठावा लागतो, आणि झोआ चिकटलेला दगड उकळत्या पाण्यात टाकणे तर निव्वळ आत्मघातकी आहे. हे सांगणारा विक्रेता मला याआधी भेटला नव्हता.

त्याच पेटीतले छापील पत्रक मात्र बदलायला हवे. त्यात लिहिले आहे की पिशवी फोडून पाणी बादलीत काढावे आणि टाकीचे पाणी थेंबथेंब सोडत दोन तास वाट पाहावी (यालाच ड्रिप म्हणतात). मी ते प्रामाणिकपणे पाळले. मेडिकलमधून आणलेला सलाईनचा सेट टाकीला लावला, बादली हॉलमध्ये ठेवली आणि वरचा पंखा चालू राहिला. तासाभराने थर्मामीटर लावला तर बादलीतले पाणी २६ वरून २३ अंशांवर आले होते. शंका आली म्हणून अमोनियाची चाचणी केली, तेव्हा पिवळे राहायला हवे होते ते नळीतले पाणी गर्द हिरवे झाले.

याचे कारण साधे आहे. तीस-पस्तीस तास बंद असलेल्या पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. कोरलने टाकलेला अमोनिया त्या उतरलेल्या पीएचमध्ये बहुतांशी अमोनियम या सौम्य रूपात राहतो. पिशवी फोडली की वायू उडून जातो, वरून आपण टाकीचे चढ्या पीएचचे पाणी घालत जातो, आणि तेच अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया होते. पीएच एका अंकाने चढला तर हे विषारी रूप जवळजवळ दहापट वाढते. म्हणजे ज्या दोन तासांत कोरल सावरावे असे आपल्याला वाटते, त्याच दोन तासांत ते अधिकाधिक वाईट पाण्यात बसलेले असते. शेजारच्या दुकानातून अर्ध्या तासात घरी आणलेल्या माशाला ड्रिप ठीक आहे, दीड दिवस प्रवास केलेल्या कोरलला नाही. आता मी न फोडलेली पिशवी टाकीत वीस मिनिटे तरंगू देते, मग फोडून क्षारता मोजते, फरक थोडा असेल तर दहा मिनिटांत तीन-चार वाट्या टाकीचे पाणी मिसळते, आणि कोरल डिपच्या (कीड काढणाऱ्या द्रावणाच्या) भांड्यात घालते. पिशवीतले पाणी टाकीत एक थेंबही जात नाही. हे मी मालकांना फोनवर सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, “ताई, मीसुद्धा ड्रिप करत नाही. ते पत्रक जुनं आहे, छापून हजार आलेत.” हजार संपेपर्यंत किती लोकांनी बादल्या लावून बसायचे, हे मी विचारले नाही.

त्याच बॉक्समधल्या लेदरबाबत चूक माझी होती आणि ती इथे मांडणे न्यायाचे आहे. तिसऱ्या दिवशी ते आक्रसून राखाडी पडले आणि त्यावर मेणचट पापुद्रा चढला. आमच्या आईंनी (सासूबाईंनी) टाकीत डोकावून “हे साबुदाण्याच्या पापडासारखं काय झालंय?” असे विचारले, आणि मी कोरल मेल्याचे गृहीत धरून दुकानाला रागाचा निरोप पाठवला. रात्री साडेनऊला मालकांचा फोन आला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले : वास येतो का, आणि बुंधा घट्ट आहे का? वास नव्हता, बुंधा घट्ट होता. “मग हात लावू नका. कात टाकतंय ते. पॉवरहेडचा झोत थोडा त्याच्या अंगावरून जाऊ द्या, आणि कार्बन बदला.” (पॉवरहेड म्हणजे टाकीत पाणी खेळवणारा पंप.) सहाव्या दिवशी तो पापुद्रा एका बाजूने सुटून झेंड्यासारखा फडफडू लागला, आठव्या दिवशी लेदर पूर्ण उघडले. कार्बन कशासाठी, तर सॉफ्ट कोरल ताण आला की शेजाऱ्यांना त्रास देणारी रसायने पाण्यात सोडतात आणि सक्रिय कार्बन ती शोषून घेतो. विकून झालेल्या मालासाठी रात्री दहा मिनिटे देणारे दुकान, हे मी चारशे रुपयांच्या हिशेबात धरते.

प्रकाशाच्या बाबतीतही त्यांच्याकडे एक चांगली सोय आहे. त्यांच्याकडे प्रकाश मोजण्याचा पार मीटर भाड्याने मिळतो, दोन दिवसांचे ५०० रुपये आणि अनामत वेगळी. दीड दिवस अंधारात राहिलेल्या कोरलच्या पेशींतले शैवाल एकदम तीव्र प्रकाशात आले तर कोरल ते बाहेर टाकते आणि पांढरे पडते, हे आपण वाचलेले असते. परंतु आपल्या दिव्याखाली ‘तीव्र’ म्हणजे किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही. माझा दिवा ४० टक्क्यांवर असताना वरच्या दगडावर १८० आणि वाळूवर ६० आकडा आला. मी इतके दिवस नवीन झोआ ‘मध्यम जागा’ म्हणून ज्या फटीत ठेवत होते, तिथे १५० होते. आता नवीन फ्रॅग पहिला दिवस दिव्याविना, मग आठवडाभर वाळूवर, आणि त्यानंतर दोन आठवड्यांत हळूहळू वर असा चढतो. मश्रूम मात्र खालीच राहतात, तेही लहान खड्यांच्या वाटीत, नाहीतर सुटून पंपाच्या जाळीला चिकटतात.

आता तक्रार. दुसरा बंद बॉक्स मी मे महिन्यात मागवला. उन्हाळ्यात दुकानातून निघताना पेटीत जेलच्या थंड पिशव्या घालतात. या वेळी त्यांतली एक कागद न गुंडाळता झीनियाच्या पिशवीला टेकवून ठेवली होती. पेटी उघडली तेव्हा बाहेर ३४ अंशांचा उकाडा आणि झीनियाच्या पिशवीतले पाणी १९ अंश. झीनिया प्रवासाला मुळातच नाजूक असते. त्या संध्याकाळी तिचे हात जेमतेम हलत होते, दुसऱ्या दिवशी दुपारी ती टोकांपासून विरघळू लागली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी तो दुर्गंधी सुटलेला लगदा कपाने अलगद उचलून बाहेर काढला. दुकानाचा नियम असा की पिशवी न फोडता दोन तासांत फोटो पाठवला तरच पूर्ण भरपाई. दोन तासांत झीनिया जिवंत होती. कोरल बहुधा पोहोचताना मरत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरते. माशासाठी केलेला नियम कोरलला लावल्याने तो कागदावर उदार आणि व्यवहारात पोकळ ठरतो. मालकांनी जेलची चूक मान्य केली आणि निम्मी रक्कम पुढच्या खरेदीत वळती करून दिली. थर्मामीटरचा फोटो मी त्यांना पाठवला होता, त्यामुळे पूर्ण रक्कम मिळायला हवी होती असे माझे आजही मत आहे.

थांबवलेल्या मालाच्या दोन्ही खेपा मी स्वतः आणल्या, नेरुळहून ठाणे लोकलने, डबा मांडीवर घेऊन. पाऊण तासाच्या प्रवासात पाणी दीड अंशही उतरले नाही आणि दोन्ही वेळा झोआ त्याच रात्री उघडले. तरीही थांबवलेला माल म्हणजे डिप नको, असे कोणी समजू नये. दुसऱ्या खेपेतला फ्रॅग मी आयोडीनच्या डिपमध्ये दहा मिनिटे ठेवला आणि पांढऱ्या वाडग्यात हलवला, तर तळाशी पाच मिलिमीटरची एक अळीसारखी गोगलगाय पडली. तिच्या पाठीवरची झालर हुबेहूब झोआच्या पाकळ्यांच्या रंगाची होती. प्लग (फ्रॅग ज्यावर चिकटवलेला असतो तो लहान तळ) उलटा केला तर खाली पांढऱ्या अंड्यांची लहानशी गुंडाळी होती. डिपने अंडी मरत नाहीत; मी मोजे आणि चष्मा घालून ती पाण्याखाली टूथब्रशने काढली, प्लग फेकला, आणि आठवड्याने पुन्हा डिप केला. दुकानात त्यांनीही डिप केला असणार, पण प्लग उलटा करून कोणी पाहिलेला नव्हता.

माझ्यापुरता निष्कर्ष असा की लेदर आणि मश्रूम ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात बंद बॉक्समधून घ्यायला हरकत नाही, कारण ते सोसतात आणि पैसे वाचतात. झोआ थांबवलेलेच घ्यावेत, स्वतः जाऊन, उघडलेले पाहून. झीनिया उन्हाळ्यात कोणत्याच प्रकारे मागवू नये. निम्मी रक्कम दिवाळीपर्यंत खात्यावर जमा आहे. हिरव्या मश्रूमची खेप आली की कळवा, असे मी सांगून ठेवले आहे.