८×४२ दुर्बीण, ताडोबा आणि उजव्या डोळ्याची सैल रिंग

सर्व्हिस सेंटरमधून दुर्बीण परत आली. सोबतच्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं: ‘तपासणी केली, दोष आढळला नाही.’ खोक्यातून काढून डोळ्यांना लावली तर उजवीकडचं चित्र धूसर. ज्या तक्रारीसाठी पाठवली होती तीच गोष्ट परतीच्या प्रवासातही झाली होती. नोव्हेंबरपासून ही ८×४२ दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलीमीटर व्यासाचं) ताडोबात वापरतेय आणि तिच्याविषयी चांगलं सांगण्यासारखं बरंच आहे. पण आधी हा धूसरपणा जिच्यामुळे येतो त्या रिंगविषयी लिहिते, कारण खरेदी करताना तिच्याकडे कोणी बघत नाही.

उजव्या आयपीसखाली, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगाखाली, जी डायऑप्टर रिंग असते, ती. दोन्ही डोळ्यांच्या नजरेत थोडा फरक असतोच. उजवं भिंग झाकून, डाव्या डोळ्याने बघत मधल्या चाकाने फोकस करायचा. मग डावं झाकून उजव्या डोळ्यापुरती ही रिंग फिरवायची. एकदा जुळवली की पुन्हा हात लावायची गरज पडू नये. वरच्या श्रेणीतल्या बऱ्याच दुर्बिणींत तिला लॉक असतं; रिंग ओढून फिरवायची आणि परत दाबली की ती अडकते. माझ्या दुर्बिणीत लॉक नाही. रिंग जागेवर राहते ती फक्त आतल्या ग्रीसच्या चिकटपणावर.

घरात बसून बघायला हे पुरतं. सफारीच्या उघड्या जिप्सीत पुरत नाही. मातीच्या रस्त्यावर गाडी हादरते, दुर्बीण छातीवर घासते, जाकिटाच्या चेनला अडते आणि रिंग जराशी सरकते. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. तेव्हा ग्रीस पातळ होतं आणि रिंग नुसत्या कापडाच्या स्पर्शाने फिरते. ती सरकल्याचं लगेच कळतही नाही. डावा डोळा स्वच्छ बघत असतो, मेंदू दोन चित्रं जुळवून घेत राहतो आणि सफारी संपेपर्यंत कपाळ ठणकायला लागतं.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी चितळांचे धोक्याचे कॉल सुरू झाले, मागोमाग लंगूरही खाकरायला लागले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. गाईड हळूच म्हणाला, “ताई, डावीकडच्या ऐनावर पाहा न, आडव्या फांदीवर.” बिबट्या होता. ऐनाच्या मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीवर, पानांच्या सावलीत, त्याचे ठिपके नुसत्या डोळ्यांना वेगळे काढताच येत नव्हते. दुर्बीण लावली तर उजवीकडे पिवळट धुकं. मी रिंग शोधून, एक डोळा मिटून, परत जुळवेपर्यंत बिबट्या खोडावरून उतरून बांबूत शिरला. गाडीतल्या बाकीच्यांना त्याची लोंबणारी शेपटी, कान, सगळं दिसलं. मला एका डोळ्यापुरतं दिसलं. बिबट्या असा स्वस्थ पडलेला वारंवार बघायला मिळत नाही. त्या दिवशीचा राग अजून गेलेला नाही.

तक्रार केली तेव्हा सर्व्हिस सेंटरने आधी व्हिडिओ मागितला. आपोआप सरकणारी रिंग व्हिडिओत दाखवायची कशी? तरी दुर्बीण पिशवीत ठेवण्याआधी आणि काढल्यानंतर रिंगवरची खूण कुठे आहे ते चित्रित करून पाठवलं. पाच आठवड्यांनी दुर्बीण आली, तेव्हा रिंग खरंच घट्ट होती. नवीन ग्रीस भरलं असावं. दोन महिने बरे गेले, मग पुन्हा तेच. पुन्हा पाठवली आणि या वेळी ती वर सांगितलेली चिठ्ठी आली. कुरिअरचा खर्च दोन्ही वेळा माझाच. वातानुकूलित खोलीत टेबलावर ठेवून तपासली तर दोष दिसणार नाहीच. ही वस्तू उन्हात, धुळीत, हलत्या गाडीत वापरण्यासाठी विकली जाते. तपासणीही त्याच परिस्थितीत व्हायला हवी.

आता बाकीचं. घेतल्यावर पहिल्या काही दिवसांत मला ती बदलून १०×४२ घ्यावीशी वाटत होती. ताडोबा तलावाच्या पलीकडच्या काठावरच्या वाळलेल्या झाडावर करड्या डोक्याचा मत्स्यगरुड बसलेला असायचा आणि तो अजून मोठा दिसायला हवा असं वाटायचं. आज कोणी बदलून देतो म्हटलं तरी देणार नाही. दहापट मोठं करणारी दुर्बीण हाताचा कंपही दहापट करते, आणि जिप्सीत शेजारच्याने बूड हलवलं तरी चित्र उडतं. शिवाय उजेडाचं गणित आहे. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलीमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. दहापटीत तो ४.२ वर येतो. दुपारी फरक जाणवत नाही, कारण तेव्हा आपली बाहुलीच दोन-तीन मिलीमीटर असते. पहाटे गेट उघडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात, सागाखाली अजून अंधार असताना, तो स्पष्ट जाणवतो. रस्त्याकडेच्या काळ्या गोळ्याचं अस्वल झालेलं मी याच दुर्बिणीतून पाहिलं. गाडीतल्या ८×२५ मधून तो गोळाच राहिला. तिचा झोत जेमतेम तीन मिलीमीटरचा.

आतून वाफ धरू नये म्हणून दुर्बिणीत नायट्रोजन भरलेला असतो, हे मी घेताना जाहिरातीचं वाक्य समजून सोडून दिलं होतं. पावसाळ्यात कोअर (जंगलाचा गाभा) बंद असतं, बफर (त्याभोवतीचा पट्टा) सुरू असतं, म्हणून जुलैत बफरमध्ये गेले. सरीवर सरी आल्या. शेजाऱ्यांच्या दुर्बिणीत आतून वाफ धरली आणि त्यांची सफारी तिथेच संपली. माझी बाहेरून पुसली की लख्ख. त्या पावसात बांबूखाली पालापाचोळा उलटणारा नवरंग मनसोक्त बघता आला, पोटाखालच्या लाल रंगासकट. या बाबतीत पूर्ण गुण.

आणि तिची भिंगं. पाणवठ्यावर एक वाघीण आली होती, आमच्यापासून साधारण ऐंशी मीटरवर. आठपटीत ती दहा मीटरवर बसल्यासारखी दिसते. ती वळली, मागचे पाय आधी पाण्यात घातले आणि उलटी सरकत मानेपर्यंत बसली. कानामागचे पांढरे ठिपके, मिशांच्या मुळाशी असलेल्या काळ्या ठिपक्यांच्या रांगा, डोळ्यापाशी माशी आली की नुसती फडकणारी पापणी. गालावरचे पट्टे डाव्या-उजव्या बाजूला वेगळे आहेत हेही दिसत होतं. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात आणि त्यावरूनच वाघ ओळखले जातात. मागून येणाऱ्या जिप्सी पुढे घुसवा म्हणून ओरडत होत्या. आमच्या ड्रायव्हरला मी गाडी आहे तिथेच ठेवायला सांगितलं. कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही, मोठी लेन्स प्रत्येकाकडे नसते, म्हणून लोकांना जवळ जायचं असतं. गाडीत एक बरी दुर्बीण असली तर तेवढी घाई राहत नाही, आणि वाघिणीलाही पाण्यात निवांत बसता येतं.

रिंगवर मी आता स्वतःच उपाय केलाय. चिकटपट्टी लावू नका, उन्हात तिचा डिंक वितळून रबरावर पसरतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर रुंद तुकडा कापून, ताणून, रिंगवर अर्धा आणि दुर्बिणीच्या नळीवर अर्धा असा बसवायचा. रिंग हलत नाही, मुद्दाम फिरवायची तर फिरते. आयकप, म्हणजे डोळ्यांशी टेकणारे रबरी कप, वरखाली करताना थोडा आडवा येतो, पण चष्मेवाल्यांना कप खालीच ठेवायचे असतात. रिंगच्या योग्य जागेवर पांढऱ्या नेलपॉलिशची खूणही केलीय, म्हणजे सरकली तर डोळा न मिटता परत आणता येते.

दुर्बीण घ्यायची असेल तर भिंगं तपासण्याआधी ही रिंग अंगठ्याने ढकलून बघा. विक्रेत्याला न विचारता ती दुर्बीण शर्टवर चार वेळा घासा आणि खूण हलली का ते पाहा. हलली तर घेऊ नका, बाकी कितीही छान असली तरी. माझी वॉरंटी नोव्हेंबरात संपतेय आणि कोअर १ ऑक्टोबरला उघडतं. ट्यूब काढून, तक्रारीत ‘४५ अंशांत तपासा’ असं लिहून ती या आठवड्यात पुन्हा पाठवतेय. या वेळी कुरिअरचा खर्च त्यांनी द्यावा असंही त्याच पत्रात लिहिलंय.